‘डेटा एन्क्रिप्टेड आहे’ या उत्तरानंतर विचारायचा प्रश्न

तुमच्या संस्थेने सॉफ्टवेअर घेतले तेव्हा विक्रेत्याने बहुधा एक वाक्य ऐकवले असेल: ‘काळजी करू नका, डेटा एन्क्रिप्टेड आहे.’ तिरोडा तालुक्यातल्या पतसंस्था, सेवा सहकारी संस्था, धान खरेदी केंद्रे, राईस मिल, आपले सरकार सेवा केंद्रे, दवाखाने आणि शाळा यांच्या संगणकांत आज लोकांची नावे, आधार क्रमांक, बँक खाती, सातबारे आणि आजारांच्या नोंदी साठवलेल्या आहेत. त्यामुळे या एका वाक्यावर बरेच काही अवलंबून आहे, आणि वाचकांचा गोंधळही पुन्हा पुन्हा याच वाक्याभोवती होतो. सॉफ्टवेअर उघडताना पासवर्ड विचारला जातो म्हणजेच एन्क्रिप्शन झाले, असे काहींना वाटते. एकदा एन्क्रिप्शन केले की हॅकरची चिंता मिटली, असे काही जण धरून चालतात. बऱ्याच जणांना मात्र उलटी भीती असते: मशीन बिघडले तर आपलाच डेटा आपल्याला उघडणार नाही.

या तिन्ही समजुतींची गाठ एकाच ठिकाणी सुटते. एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर अशा रूपात बदलणे, की ठरलेल्या किल्लीशिवाय तो वाचता येऊ नये. म्हणून कुलूप आहे की नाही एवढे विचारून भागत नाही. किल्ली कुठे ठेवली आहे आणि त्याच डेटाच्या किती प्रती कुलपाबाहेर पडून आहेत, हे विचारावे लागते. छोट्या संस्थेने पैसा आणि वेळ आधी कुठे घालायचा हे त्या दोन उत्तरांवरून ठरते, आणि तो क्रम महागड्या सुविधेपासून सुरू होत नाही.

एकच नोंद किती ठिकाणी लिहिली जाते

पडद्यावर खातेदारांचे टेबल एकसंध दिसते. डिस्कवर ते एका फाइलमध्ये ठरावीक मापाच्या पानांत विभागलेले असते. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेत एक पान साधारणपणे १६ किलोबाइटचे असते, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ८ किलोबाइटचे. पिग्मी एजंटाने आणलेल्या पन्नास रुपयांची नोंद तुम्ही केली, की बदल आधी मेमरीत होतो आणि लगेच एका लॉग फाइलमध्ये लिहिला जातो. टेबलाच्या फाइलमधले पान सवडीने नंतर लिहिले जाते. हिशेबाचे काम करणाऱ्यांना हे नवे नाही: लॉग म्हणजे रोजकीर्द, टेबल म्हणजे खतावणी. मध्येच वीज गेली तर खतावणीत न चढलेल्या नोंदी रोजकीर्दीवरून पुन्हा चढवता याव्यात, यासाठीच ही रचना आहे.

याचा परिणाम असा, की एकच नोंद अनेक जागी राहते: टेबलाच्या फाइलमध्ये, लॉगमध्ये, व्यवहार मागे घेता यावा म्हणून जपलेल्या जुन्या रूपात, दुसऱ्या सर्व्हरला बदल कळवणाऱ्या नोंदवहीत (ती चालू असेल तर), मोठा अहवाल काढताना तयार होणाऱ्या तात्पुरत्या फाइलींत, आणि अर्थातच रोजच्या बॅकअपमध्ये. खोडलेली नोंदही लगेच पुसली जात नाही. डेटाबेस तिच्यावर ‘खोडली’ अशी खूण करतो आणि ती जागा पुन्हा वापरली जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच असू शकतो. खाते बंद करून गेलेल्या सभासदाची माहिती त्याच्यामागे बराच काळ उरते ती अशी.

आणि मुद्दाम काही केले नसेल तर हे सगळे उघडे असते. रोमन अक्षरांतले नाव टेबलाच्या फाइलमध्ये साध्या साधनाने शोधता येते. देवनागरी अक्षर आजच्या प्रचलित संकेतात तीन बाइटांत साठते, तेही शोधता येते. मोबाइल क्रमांक मजकूर म्हणून साठवला असेल तर जसाच्या तसा दिसतो. संख्या म्हणून साठवला असेल तर नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, पण जाणकाराला तो काढायला अडचण येत नाही. सॉफ्टवेअरचा पासवर्ड सॉफ्टवेअरच्या दारावर विचारला जातो. ज्याच्या हातात डिस्कच आली, त्याला त्या दारातून यावेच लागत नाही.

तीन थर, आणि प्रत्येकाची मर्यादा

- पूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन. विंडोजमध्ये बिटलॉकर, लिनक्समध्ये लक्स. डिस्कवर जे जाईल ते सगळे एन्क्रिप्ट होते: टेबले, लॉग, तात्पुरत्या फाइली, स्कॅन केलेले कागद, एक्सेलच्या याद्या.
- डेटाबेसचे स्वतःचे एन्क्रिप्शन. पान डिस्कवर लिहिताना एन्क्रिप्ट होते, वाचताना मेमरीत उघडते. वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही.
- ठरावीक रकान्याचे एन्क्रिप्शन. आधार क्रमांकासारखा एखादाच रकाना सॉफ्टवेअर स्वतः बंद करून साठवते. डेटाबेस सांभाळणाऱ्यालाही तो किल्लीशिवाय वाचता येत नाही.

दुसऱ्या थराबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत, कारण प्रत्येक डेटाबेसचे वागणे वेगळे आहे. मायएसक्यूएलमध्ये टेबलनिहाय एन्क्रिप्शन ५.७ या आवृत्तीपासून मिळते, पण ते आपोआप चालू नसते. लॉग आणि जुन्या रूपांचे एन्क्रिप्शन ८.० मध्ये आले, आणि त्यांचे खटके वेगळे आहेत. म्हणजे ‘टेबल एन्क्रिप्ट केले आहे’ हे विक्रेत्याचे विधान खरे असू शकते आणि तरीही रोजकीर्द उघडीच असू शकते. पोस्टग्रेसच्या मूळ मोफत आवृत्तीत संपूर्ण टेबलासाठी अशी अंगभूत सोयच नाही. तिथे पूर्ण डिस्कचा थर किंवा रकान्याचा थर वापरावा लागतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही सोय २००८ सालापासून आहे, पण पूर्वी ती महागड्या आवृत्तीपुरती होती. २०१९ च्या आवृत्तीपासून ती स्टँडर्डमध्ये आली, मोफत मिळणाऱ्या एक्सप्रेसमध्ये मात्र नाही. तुमचे सॉफ्टवेअर एक्सप्रेसवर चालत असेल आणि विक्रेता ‘डेटाबेस एन्क्रिप्टेड आहे’ म्हणत असेल, तर नेमके काय एन्क्रिप्ट केले आहे हे लेखी विचारा. हिशेबासाठी टॅली वापरत असाल तर त्यात टॅलीव्हॉल्ट ही वेगळी सोय आहे. तिचा पासवर्ड विसरला तर त्या कंपनीचा डेटा उघडण्याचा दुसरा मार्ग उरत नाही, म्हणून ती चालू करण्याआधी किल्लीचा पुढचा भाग नीट वाचा.

रकान्याच्या थराची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागते. बंद रकान्यावर शोध घेणे आणि क्रम लावणे अवघड होते, आणि सॉफ्टवेअर त्यासाठी मुळातून तयार केलेले असावे लागते. आधार क्रमांकापुरता तरी तो हवाच, असे माझे मत आहे. प्रमाणीकरणासाठी आधार वापरणाऱ्या संस्थांना आधार प्राधिकरणाने २०१७ मध्येच क्रमांक वेगळ्या, एन्क्रिप्ट केलेल्या ‘आधार डेटा व्हॉल्ट’मध्ये ठेवण्याचे बंधन घातले. तुमची संस्था त्या वर्गात नसेल, तर त्याहून सोपा उपाय आहे: पूर्ण क्रमांक साठवूच नका. फक्त शेवटचे चार अंक दाखवणारी आधारची प्रत प्राधिकरणाकडूनच मिळते. जिथे कायद्याने पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे तीच घ्या. ‘आम्ही क्रमांकाचा हॅश (क्रमांकावरून गणिताने काढलेली खूण) ठेवतो, तो उलटा काढता येत नाही’ असे उत्तर मिळाले तर समाधान मानू नका. बारा अंकी आधारचा पहिला अंक शून्य किंवा एक नसतो आणि शेवटचा पडताळणीचा असतो, म्हणजे शक्य क्रमांक सुमारे ८,००० कोटीच उरतात. हॅशमध्ये गुप्त किल्ली मिसळलेली नसेल तर आजच्या ग्राफिक्स कार्डाला ते सगळे एकेक करून तपासणे हे काही मिनिटांचे काम आहे.

किल्ली कुठे आहे, हे कसे शोधायचे

चांगल्या डेटाबेसमध्ये दोन पातळ्यांच्या किल्ल्या असतात. प्रत्येक टेबलाची स्वतःची किल्ली असते आणि ती टेबलाच्याच फाइलमध्ये, एका मुख्य किल्लीने बंद करून ठेवलेली असते. मुख्य किल्ली बदलायची झाली तर फक्त या छोट्या किल्ल्या नव्याने बंद कराव्या लागतात, लाखो नोंदींना हात लावावा लागत नाही. रचना उत्तम आहे, पण सगळा भार मुख्य किल्लीवर येतो. मायएसक्यूएलच्या मोफत आवृत्तीत ती बहुतेक वेळा त्याच संगणकावरच्या एका फाइलमध्ये ठेवली जाते, आणि ही पद्धत नियामक अटी पूर्ण करण्यासाठी नाही, असा इशारा मायएसक्यूएलच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच आहे. संगणक चोरीला गेला तर कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत जातात. हे टाळायचे तर किल्ली दुसऱ्या यंत्रावर हवी, किंवा ज्या डिस्कवर किल्ली आहे ती डिस्क तरी पहिल्या थराने बंद हवी. डेटाबेसच्या महागड्या सुविधेआधी पूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन करा, असे मी सांगतो ते या कारणाने.

विक्रेत्याच्या शब्दावर न थांबता पुढील चाचणी तुम्ही त्याच्यासमोर करून घेऊ शकता:

1. डेटाबेस थांबवून टेबलाची फाइल, लॉग फाइल आणि काल रात्रीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर न्या.
2. बॅकअप झिप केलेला असेल तर आधी मोकळा करा. दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये नाव दिसत नाही, पण ते एन्क्रिप्शन नव्हे.
3. तुम्हाला ठाऊक असलेल्या एका खातेदाराचे नाव तिन्ही फाइलींत शोधा.
4. नाव कोणत्या फाइलीत सापडले ते लिहून ठेवा आणि चाचणीच्या प्रती पुसून टाका.

पहिल्या थराने बंद असलेली डिस्क चालू संगणकातून पाहिली तर फाइली उघड्याच दिसतील. तिची चाचणी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडून करावी लागते. बॅकअपमध्ये मात्र नाव सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, कारण मायएसक्यूएलचा नेहमीचा बॅकअप टेबले उघडून साध्या मजकुरात लिहितो. टेबल एन्क्रिप्टेड असले तरी बॅकअप उघडाच निघतो आणि तोच पेनड्राइव्हवर, व्यवस्थापकाच्या घरी, कधी ईमेलवर जातो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये उलटे आहे: एन्क्रिप्टेड डेटाबेसचा बॅकअपही बंदच राहतो, आणि त्याचे प्रमाणपत्र वेगळे जपले नसेल तर नव्या संगणकावर तो उघडत नाही.

तिरोड्यात धोका नेमका कुठून येतो

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: आमच्याकडे कोण येणार चोरायला? दूरच्या हॅकरची कल्पना डोळ्यांपुढे ठेवली तर आक्षेप पटतो. पण डिस्क कार्यालयाबाहेर जाण्याचे रस्ते रोजचे आहेत. संगणक दुरुस्तीसाठी गोंदियाला किंवा नागपूरला जातो. जुनी डिस्क नव्या मशीनच्या बदल्यात दिली जाते. पेनड्राइव्ह बसमध्ये राहतो. धान खरेदीच्या हंगामात शेतकऱ्याचा सातबारा, आधार आणि पासबुक स्कॅन होते. नोंदणी सरकारी पोर्टलवर होत असली तरी मूळ स्कॅन आणि चुकाऱ्यांची एक्सेल यादी केंद्राच्या संगणकात ‘डाउनलोड’ या फोल्डरमध्ये तशीच राहते. पोर्टलचा सर्व्हर कितीही सुरक्षित असो, त्याच माहितीची ही प्रत कुलपाबाहेर आहे. डेटाबेसचे एन्क्रिप्शन तिला स्पर्शही करत नाही, पूर्ण डिस्कचे करते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: संगणक चालू असताना आत शिरलेल्या हल्लेखोराला हे काहीच अडवत नाही, मग उपयोग काय? पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले ते चालू यंत्रणेत मालवेअर घुसवून. कोणी डिस्क उचलून नेली नव्हती. खंडणी मागणारा व्हायरसही तुमच्या एन्क्रिप्ट केलेल्या फाइली खुशाल पुन्हा एन्क्रिप्ट करतो. आक्षेप खरा आहे आणि त्यातून निघणारा अर्थ मर्यादित आहे: डिस्कवरचे एन्क्रिप्शन हा हरवलेल्या, चोरलेल्या आणि विकलेल्या वस्तूंवरचा उपाय आहे. चालू यंत्रणेसाठी प्रत्येक कर्मचाऱ्याचे वेगळे लॉगिन, वेळेवर अपडेट आणि संगणकापासून तोडून ठेवलेला बॅकअप लागतो. एका उपायाने दुसऱ्याची गरज संपत नाही. पण लहान गावातल्या कार्यालयातून डेटा बाहेर जाण्याच्या वाटांपैकी बऱ्याच वाटा याच एका उपायाने बंद होतात आणि त्यासाठी फारसा खर्च येत नाही, म्हणून तो आधी करावा.

‘मशीन मंद होईल’ ही शंका आता फार धरू नका. यासाठी वापरली जाणारी एईएस ही पद्धत २००१ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झाली, आणि साधारण २०१० नंतरच्या बहुतेक प्रोसेसरांत तिच्यासाठी खास सूचना अंगभूत आहेत. पतसंस्थेच्या कामात फरक जाणवण्याची शक्यता कमी आहे. फार जुन्या संगणकावर जाणवेल, पण तो संगणक इतर कारणांसाठीही बदलायला हवा.

किल्ली हरवण्याची भीती

ही भीती रास्त आहे. किल्ली गेली तर डेटा गेला, आणि एन्क्रिप्शन नीट केले असल्याची ती खूणच आहे. उपाय तुमच्या तिजोरीच्या पद्धतीतच आहे: दोन किल्ल्या, दोन माणसे, आणि नोंद. बिटलॉकर चालू करताना ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली देते. तिच्या दोन छापील प्रती काढा, वेगवेगळ्या लिफाफ्यांत सील करा, एक संस्थेच्या तिजोरीत आणि दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा अध्यक्षांकडे ठेवा. लिफाफे कोणाकडे आहेत हे संचालक मंडळाच्या ठरावात येऊ द्या, म्हणजे पदाधिकारी बदलला तरी माग राहतो. त्याच संगणकावर, त्याच बॅकअपच्या पेनड्राइव्हवर किंवा सॉफ्टवेअरवाल्याच्या मोबाइलमध्ये ती एकमेव ठेवू नका. सॉफ्टवेअरच्या करारात मुख्य किल्लीची प्रत संस्थेकडे राहील असे स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर वाद झाला तर तुमच्याच नोंदी तुमच्याविरुद्ध अडवून धरल्या जाऊ शकतात.

काम या क्रमाने करा:

1. आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप हिशेबात धरू नका.
2. मग डिस्क एन्क्रिप्ट करा. वापरातल्या जुन्या संगणकावर ‘फक्त वापरलेली जागा’ न निवडता ‘संपूर्ण ड्राइव्ह’ निवडा, नाहीतर पूर्वी खोडलेल्या फाइलींचे अवशेष उघडे राहतात. विंडोजच्या होम आवृत्तीत बिटलॉकरची पूर्ण सोय नसते, प्रो घ्यावी लागते.
3. संगणक सुरू होतानाच पिन विचारला जाईल अशी व्यवस्था करा. अन्यथा अख्खे मशीन नेणाऱ्यासाठी डिस्क आपोआप उघडते आणि विंडोजच्या पासवर्डवरच भिस्त राहते.
4. बॅकअपचे पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्कही एन्क्रिप्ट करा.
5. सील केलेल्या किल्लीने डिस्क उघडते का, हे एकदा खरोखर करून पाहा.
6. त्यानंतर डेटाबेसचा थर, गरज असेल तर.

मुहूर्त मात्र विचाराने निवडा. धान खरेदी केंद्राने खरेदी सुरू असताना आणि पतसंस्थेने मार्चअखेरीस हे हाती घेऊ नये. पहिल्या एन्क्रिप्शनला डिस्कच्या आकाराप्रमाणे काही तास लागू शकतात. त्या वेळी इन्व्हर्टर किंवा यूपीएस हाताशी असू द्या.

तुमची जबाबदारी आणि सभासदाचे हक्क

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला. त्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत दिली गेली. सुरक्षेच्या किमान उपायांत एन्क्रिप्शनचा किंवा तत्सम झाकण्याच्या पद्धतीचा, प्रवेशावरील नियंत्रणाचा, बॅकअपचा आणि लॉग किमान एक वर्ष जपण्याचा उल्लेख नियमांत आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ती छोट्या संस्थेला लागेलच असे नाही, पण साठवण दुसऱ्या कंपनीकडे दिली म्हणून जबाबदारी संस्थेवरून हटत नाही, ही तरतूद प्रत्येक संचालकाने लक्षात ठेवावी. डेटा फुटल्यास डेटा संरक्षण मंडळाला विलंब न करता कळवून ७२ तासांत तपशील देणे आणि संबंधित व्यक्तींना सांगणे या नियमांत आहे. सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची असते.

तुम्ही सभासद, शेतकरी किंवा रुग्ण म्हणून हे वाचत असाल, तर वर सांगितलेली १८ महिन्यांची मुदत संपल्यावर हा कायदा तुम्हाला आपली कोणती माहिती साठवली आहे हे विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा, गरज संपल्यावर ती पुसून मागण्याचा आणि तक्रार करण्याचा हक्क देतो. आधारची पूर्ण झेरॉक्स मागितली गेली तर कोणत्या नियमाखाली, हे विचारण्यात संकोच करू नका.

जुना संगणक देण्याआधी

फाइली डिलीट करून किंवा डिस्क फॉरमॅट करून ती विकू नका. एसएसडीमध्ये तर वरून दुसरा मजकूर लिहूनही भरवसा नसतो, कारण झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून ती नवा मजकूर दुसऱ्याच जागी लिहिते आणि जुना मागे उरू शकतो. डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्टेड असेल तर काम सोपे होते: आवश्यक डेटा नव्या मशीनवर उघडतो याची खात्री करा, जुनी डिस्क फॉरमॅट करा आणि तिच्या किल्लीचे दोन्ही लिफाफे फाडून तशी नोंद ठेवा. डिस्क कधीच एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर संगणक विका, पण डिस्क काढून घ्या, ड्रिलने आरपार भोके पाडा आणि दुरुस्तीवाल्याकडून जुनी डिस्क परत घेण्याची अट बिलावरच लिहून घ्या.